बेवारसाचा दहावा

कावळे आले होते, पण एकही ओरडत नव्हता.

"मॅडम, आवाज गेलाय का बघा जरा," बशीर म्हणाला आणि त्यानं डोक्यावरचा हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

मी कानाला लावला. नदीत उरलेल्या पाण्याची खळखळ येत होती, गुरुजींचं पुटपुटणं येत होतं, लांबच्या रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टरसुद्धा येत होता. घाटाच्या भिंतीवर, पिंपळावर आणि आमच्या गाडीच्या छतावरच्या डिशवर मिळून कावळ्यांची भलीमोठी सभा भरली होती आणि त्या सभेत कुणी ब्र काढत नव्हतं.

"आवाज ठीक आहे," मी म्हटलं.

"मग ही काय मुकी जात आहे का कावळ्यांची?"

बशीर मुल्ला मिरजेचा. लग्नांच्या शूटिंगपासून सुरुवात करून आमच्या वाहिनीत कॅमेरामन झालेला. दंगलीत, पुरात, मंत्र्याच्या कुत्र्यासमोर, कुठंही बिनधास्त उभा राहणारा माणूस. पण त्या दिवशी तो माझ्या अगदी जवळ उभा होता आणि थट्टा करतानाही हळू आवाजात करत होता.

तेव्हा मी एका मराठी वृत्तवाहिनीची बातमीदार होते. वाहिनीचं नाव सांगत नाही. गावाचं नाव मी माणगिरी असं सांगणार आहे आणि ते खोटं आहे. माणसांची नावंही खोटी आहेत. नकाशे काढून शोधत बसू नका, सापडणार नाही. एवढी लपवाछपवी कशासाठी, ते वाचल्यावर कळेलच.

माणगिरीचं संस्थान कधीच विलीन झालं होतं. हैबतराजांकडे उरलं होतं ते राजवाड्याचं पुढचं अंग, एक जुनी जीप आणि एक रिवाज. माणगिरीच्या हद्दीत ज्याचं कुणी नाही असा माणूस गेला, तर त्याला अग्नी राजा देतो. दहाव्याचा पिंडही राजाच ठेवतो. पिढ्यान् पिढ्या हे चालत आलेलं. गंमत अशी, की घरचा माणूस गेला आणि पिंडाला कावळा शिवला नाही, तर त्याचं मन कशात अडकलंय याचा अंदाज घरच्यांना असतो. धाकटीचं लग्न लावून देऊ म्हणतात, म्हशीला अंतर देणार नाही म्हणतात, आणि कावळा येतो. बेवारस माणसाचं कोण काय जाणणार? म्हणून राजेसाहेब हात जोडून पिंडासमोर उभे राहायचे आणि अंदाजानं एकेक शब्द देत जायचे. ज्या शब्दावर कावळा शिवेल तो पाळणं त्यांच्यावर बंधनकारक. एका भंगारवाल्यापायी त्यांनी त्याचं खरजेचं कुत्रं राजवाड्यावर मरेपर्यंत सांभाळलं होतं. एका बाईसाठी स्वतः ओटी घेऊन तुळजापूरला गेले होते. याचा त्यांनी कधी फोटो काढू दिला नव्हता.

मग आम्ही तिथं काय करत होतो? तर, निवडणूक.

राजेसाहेबांचे चिरंजीव रणधीरराजे खासदारकीला उभे होते. समोरच्या उमेदवारानं एका सभेत जुनं भूत उकरून काढलं. हैबतराजे हे धाकटे. गादीचा खरा मान त्यांच्या थोरल्या भावाचा, दौलतराजांचा. ते तरुणपणी, गादीवर बसायच्या आदल्या दिवशी, नाहीसे झाले ते कायमचे. धाकट्यानं त्यांना नदीत बुडवलं, ही कुजबुज माणगिरीत तेव्हापासून होती. आता तिला माइक मिळाला. आमच्या वाहिनीनं तर ती उचलूनच धरली. पडद्याच्या खाली लाल पट्टी सुरू झाली, 'थोरले कुठे आहेत?' मी ती पट्टी पाहून हसले होते. बातमी म्हणून मस्त होती, खोटं कशाला बोलू.

रणधीरराजांनी त्यावर तोडगा काढला. त्यांनीच मला फोन केला. "ताई, माणसाला नदीत बुडवणारा माणूस बेवारसांचे दहावे घालत बसेल का? तुम्ही या. लोकांना दाखवा."

"राजेसाहेबांना चालेल?"

"आबासाहेब जुन्या वळणाचे आहेत. त्यांना वाटतं, केलं की झालं. आता दिसलं नाही तर केलंच नाही असं धरतात हो लोक."

आम्ही घाटावर पोचलो तेव्हा राजेसाहेब आधीच पाण्याच्या कडेला बसले होते. उघड्या अंगावर ओलं उपरणं घेतलं होतं आणि त्याचाच पदर डोक्यावरून ओढून नाकाखालून तोंडावर गुंडाळला होता. फक्त डोळे दिसत होते. सत्तरी उलटलेला, वाळलेला, ताठ माणूस. केस उतरवायला आलेला माणूस पेटी आवरून निघून चालला होता. आमच्याकडे न बघताच तो बांधावरून गेला.

राजेसाहेबांनी कॅमेरा पाहिला, मग मुलाकडे पाहिलं.

"आज नको होतं," ते म्हणाले. "बाकी कधीही चाललं असतं."

"आबासाहेब, आता आलेत ते लोक. आणि तोंडावरचं तेवढं काढा, चेहरा दिसायला हवा."

"राहू दे."

एवढंच. रणधीरराजे चडफडले, पण माझ्यासमोर हसून घेतलं. मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून सगळा रिवाज छान समजावून सांगितला. गेलेला माणूस म्हणजे एसटी स्टँडवरचा पाणपोईवाला म्हातारा. चार-पाच वर्षांपूर्वी कुठूनसा आला, माठ मांडले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत बसला. नाव विचारलं तर हसायचा. लोक बाबा म्हणायचे. "आबासाहेब रोज संध्याकाळी जीप थांबवून त्याच्या हातचं पाणी प्यायचे," रणधीरराजे म्हणाले. "राजवाड्यावर फिल्टर आहे, फ्रिज आहे. पण नाही. त्याच्या शेजारी दगडावर बसून प्यायचे, तासतासभर. हा साधेपणा आहे आमच्या घराण्याचा. बाबांसाठी आज आबासाहेबांनी कानामागची एक बट उतरवून दिलीय. परक्यासाठी बटेचा मान असतो."

मला ते वाक्य आवडलं. मथळ्यासारखं होतं.

पिंड मांडून झाले. गुरुजींनी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. राजेसाहेब हात जोडून उभे राहिले आणि कावळे आले. कुठून आले ते कुणी पाहिलं नाही. म्हणजे आकाशातून येताना दिसले असं झालं नाही. आम्ही पिंडाकडे बघत होतो आणि वर पाहिलं तर भिंत काळी झालेली होती.

"तुमच्या मागं कुणी राहिलं असेल तर त्यांना सांभाळू," राजेसाहेब उपरण्याआडून म्हणाले.

कावळे बसून राहिले.

"तुमची पाणपोई बंद पडू देणार नाही. माठ रोज भरले जातील."

एक कावळा भिंतीवरून उतरून वरच्या पायरीवर आला. गुरुजींनी श्वास रोखला. कावळा तिथंच थांबला. त्याचं तोंड पिंडाकडे नव्हतंच. तो बशीरच्या कॅमेऱ्याकडे बघत होता. मी भिंतीकडे नजर टाकली तर सगळेच तिकडे बघत होते.

ऊन चढत गेलं. राजेसाहेब बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. तुमच्या गावच्या देवाला नारळ देऊ. कुणाचं काही देणं असेल तर फेडू. कुणाशी भांडण राहिलं असेल तर तुमच्या वतीनं पाया पडू. कावळा हलेना. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. कावळा शिवेपर्यंत घेता येत नाही. त्यांचे पाय थरथरायला लागले होते. आधी दोनदा त्यांना हृदयाचा त्रास झाला होता, हे आम्हीच बातमीत दाखवलेलं. हा माणूस इथंच कोसळेल, असं मला वाटायला लागलं.

रणधीरराजांना सभेला जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, कॅमेरा चालू आहे ना ते पाहिलं आणि पुढं होऊन मोठ्यानं म्हणाले, "बाबा, मी शब्द देतो! तुमच्या नावाची संगमरवरी पाणपोई बांधू. तुमचं नाव शोधून काढू, फोटो लावू, सगळ्या महाराष्ट्राला तुम्ही कोण ते कळेल!"

सगळे कावळे एकदम उठले. आवाज फक्त पंखांचा. ते डोक्यावरून गेले तेव्हा घाटावर क्षणभर सावली पडली, आणि ते पलीकडच्या काठावर, वाळलेल्या बाभळींवर जाऊन बसले.

"रणधीर," राजेसाहेब म्हणाले, "तोंड बंद ठेवा."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण मी त्यांना इतक्या रागात आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

गुरुजी चाचरत म्हणाले, "महाराज, फार वेळ झाला. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू आणि शिववू. मागं त्या साधूच्या वेळी आपण केलंच होतं."

"यांच्यासाठी नाही."

"पण महाराज, आपली तब्येत..."

"दर्भाचा कावळा यांना फसवता येणार नाही, गुरुजी. तुम्ही सावलीत बसा."

रणधीरराजे निघून गेले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, पाणपोईचं तेवढं ठेवा, बाकीचं कापा." त्यांच्या गाडीचा धुरळा बसेपर्यंत घाटावर आम्ही चौघंच उरलो. राजेसाहेब, पिंपळाखाली गुरुजी, आणि आम्ही दोघं.

माझ्या कानातल्या यंत्रात मुंबईचा स्टुडिओ बडबडत होता. दुपारच्या बातम्यांत थेट प्रक्षेपण हवं होतं. प्रश्न ठरलेला. थोरले कुठे आहेत?

राजेसाहेब पाण्यात उतरले. उन्हानं उपरणं सुकलं होतं, ते भिजवायला त्यांनी काढलं. आमच्याकडे पाठ होती. पण पाण्यात वाकताना ते किंचित वळले.

"मॅडम," बशीर कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाला, "राजेसाहेबांची मिशी कुठं गेली?"

त्या मिशीवर सगळा मुलूख जीव टाकायचा. निवडणुकीच्या फलकावर ती मुलाच्या डोक्यापेक्षा मोठी छापलेली होती. तिच्या जागी आता पांढरीफटक कातडी होती, ऊन कधी न लागलेली.

बशीरला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला वाटलं, दहाव्याला काढतात तशी काढली असेल. मला मात्र माझे वडील आठवले. मी लहान असताना एकदा ते बिनमिशीचे घरी आले आणि मी घाबरून आईच्या मागं लपले होते. आई म्हणाली होती, "अगं, तुझे मोठे काका गेले ना." आमच्यात मिशी उतरते ती आईबाप गेले तर, नाहीतर थोरला भाऊ गेला तर. परक्यासाठी नाही. राजासारखा राजा एका पाणपोईवाल्यासाठी मिशी देत नाही.

रोज संध्याकाळी, दगडावर शेजारी बसून, तासतासभर.

"हे शूट झालं का?" मी विचारलं.

"झालं असणार. चालूच होता."

"आता झूम करू नकोस. थांब इथंच."

मी चपला काढल्या आणि पायऱ्या उतरले. राजेसाहेबांनी उपरणं परत तोंडावर घेतलं होतं. मी जवळ गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"माहेर कुठलं तुमचं?" त्यांनी विचारलं.

"खटावकडचं."

"मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं."

मला पुष्कळ विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "राजेसाहेब, लोक तुम्हाला खुनी म्हणताहेत. आमची वाहिनी म्हणतेय. ते जिवंत होते, परवापरवापर्यंत होते, याच गावात होते, हे एकदा सांगितलंत की संपलं सगळं. सांगत का नाही?"

"त्यांनी एकच मागितलं होतं. कुणाला कळता कामा नये. घरी चला म्हटलं मी, पायावर डोकं ठेवलं, तर हसले. म्हणाले, हैबत, तिथं सिंहासनावर बसून मी किती जणांना पाणी पाजलं असतं?" ते थांबले. त्यांना धाप लागली होती. "मी शब्द दिला. दिला तर दिला."

"मग कावळा का शिवत नाही? तुम्ही तर शब्द पाळताय."

राजेसाहेबांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मीही पाहिलं. कावळे बाभळींवरून उतरले होते. नदीचं पात्र तिथं कोरडं होतं, गोटेच गोटे. त्या गोट्यांवरून ते आमच्याकडे येत होते. उडत नव्हते. चालत येत होते. काळा घोळका, एक शब्द न काढता, भर उन्हात, पावलं टाकत.

मला भीती वाटली. मी देवाधर्माची बाई नाही, भुताखेतांची तर नाहीच नाही. पण मी एक पायरी मागं सरले.

"माझा शब्द त्यांना केव्हाच मिळालाय," राजेसाहेब म्हणाले. "मला वाटतं, ते तुमच्यासाठी थांबलेत."

"मला काय करायला सांगताय?"

"मी काही सांगत नाही, बाई. मागतही नाही. मी माझं काम करतोय, तुम्ही तुमचं करा."

त्याच वेळी कानात स्टुडिओ किंचाळला. लगेच लाइव्ह घेत होते. मी राजेसाहेबांना वर यायला सांगितलं आणि ते मुकाट्यानं आले. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. बशीरनं आम्हाला उभं केलं. राजेसाहेब, शेजारी मी, आणि मागं थोड्या अंतरावर पिंड. कावळे घाटापाशी पोचले होते. पायऱ्या भरल्या होत्या. पिंडाभोवती त्यांनी गोल रिंगण केलं आणि आत एकही पाऊल टाकलं नाही.

मुंबईत अभिराम नावाचा आमचा निवेदक होता. सुंदर आवाज, आणि त्याहून सुंदर शर्ट. त्यानं सुरुवात दणक्यात केली. माणगिरीचं गूढ, गादीचा खरा वारस, पन्नास वर्षांचं मौन. मग म्हणाला, "आपली प्रतिनिधी हेमांगी थेट राजेसाहेबांसोबत आहे. हेमांगी, विचार त्यांना."

माझ्या डोक्यात दोन प्रश्न होते. एक ठरलेला. दुसरा मला पाच मिनिटांपूर्वी मिळालेला होता, आणि तो फक्त माझ्याकडे होता. 'राजेसाहेब, मिशी कुणासाठी उतरवलीत?' एवढं विचारायचं. उपरणं बाजूला झालं असतं. सगळ्या महाराष्ट्राला त्या पांढऱ्या कातडीचा अर्थ आपोआप कळला असता. म्हातारा निर्दोष ठरला असता, त्याचा मुलगा निवडून आला असता आणि माझं नाव झालं असतं. कुणाचंही वाईट झालं नसतं. जो गेला तो गेलाच होता.

मला तो प्रश्न विचारायचा होता. जिवाच्या आकांतानं विचारायचा होता. राजेसाहेबांसाठीच विचारायचा होता.

"राजेसाहेब," मी म्हटलं, "आपले थोरले बंधू दौलतराजे कुठे आहेत?"

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

"त्यांचं काय झालं, हे आपल्याला माहीत आहे?"

"नाही. मला त्यांच्याबद्दल काही ठाऊक नाही."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. उपरण्याच्या वर त्यांचे डोळे भरून आले होते. पडद्यावर ते फार वाईट दिसलं असणार, मला तेव्हाच कळलं.

मागं काहीच हललं नाही. पंखांची फडफड नाही, काही नाही. बशीर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता आणि त्यानं अगदी बारीक मान हलवली. नाही, अजून नाही. त्याला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पण तो सकाळपासून तिथं होता, आणि आपण सगळे कशाची वाट बघतोय एवढं त्याला पुरेसं कळत होतं.

कानातला स्टुडिओ अचानक गेला. खरखरही नाही. विहिरीत डोकावल्यावर येते तशी शांतता, आणि त्या शांततेत कुणीतरी ऐकत असल्यासारखं मला वाटलं. मग अभिरामचा आवाज परत आला.

"हेमांगी, प्रेक्षकांना दिसतंय की राजेसाहेबांनी तोंड झाकून घेतलंय. भर उन्हात. का झाकलंय?"

आता उत्तर मलाच द्यायचं होतं. दाढ दुखते म्हणावं, ऊन लागलंय म्हणावं, असं वाटून गेलं. पण मी या धंद्याला ओळखून होते. आजार म्हटलं की स्टुडिओत डॉक्टर आणून बसवला असता, आणि संध्याकाळपर्यंत राजवाड्याच्या फाटकावर दहा कॅमेरे त्या उपरण्यावर टपून बसले असते. एकच उत्तर असं होतं, की त्यानंतर कुणी काही विचारत नाही. नकार. आमच्याकडे नकार म्हणजे कबुली, आणि कबुली मिळाली की आम्ही शोधायचं थांबतो.

मी राजेसाहेबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

"तोंड का झाकलं, हे सांगायला राजेसाहेब तयार नाहीत," मी कॅमेऱ्यात बघून म्हटलं. "आम्ही विचारलं. त्यांनी नकार दिला."

बशीरचं तोंड उघडंच राहिलं.

मी वळले. रिंगणातून एक कावळा आत शिरला होता. घाई नव्हती त्याला. तो पिंडापाशी गेला, मान वाकडी करून एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि चोच मारली. मग भाताचा घास घेऊन तो उडाला, आणि त्याबरोबर सगळे कावळे ओरडायला लागले. सकाळपासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. इतका कल्लोळ, की अभिराम मुंबईत "नकार! महाराष्ट्रानं पाहिला हा नकार!" असं काहीतरी ओरडत होता, ते मला ऐकूच येईना. लाइन तुटली. गुरुजी पिंपळाखालून हात जोडून धावत आले.

ते दृश्य लाखो लोकांनी पाहिलं. कावळा शिवताना आमच्या दोघांच्या मागं स्पष्ट दिसतो. तो का शिवला, ते कुणी विचारलं नाही.

वाहिनीनं तो तुकडा निकाल लागेपर्यंत चालवला. 'तोंड लपवणारा राजा.' रणधीरराजे पडले, सपाटून पडले. राजेसाहेब पुष्कळ दिवस राजवाड्याबाहेर आले नाहीत, आणि मिशी वाढायची वाट बघत घरात बसलेल्या त्या माणसाबद्दल लोक म्हणाले, बघा, मन खातंय त्याला. पुढं ते गेले तेव्हाही बातमीत 'वादग्रस्त' असा शब्द होता. तो मी खोडू शकले नाही. बशीरनं त्या रात्री टेप तपासली. राजेसाहेब पाण्यात वाकतात, किंचित वळतात, आणि नेमका तेव्हाच भिंगासमोरून कावळा गेलेला आहे. चौकट काळी. पुढच्या क्षणी उपरणं जागेवर. "माझ्यासमोर कावळा आलाच नव्हता, मॅडम," बशीर म्हणाला. "सगळे पलीकडे होते." मग त्यानं मला मिशीबद्दल विचारलं. मी विषय बदलला. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

पण हे नंतरचं. त्या दुपारी कल्लोळ थांबला, कावळे पांगले, साधे रोजचे कावळे असावेत तसे कुठं कुठं निघून गेले. गुरुजींनी राजेसाहेबांना पायरीवर बसवलं आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. मी समोर उभी होते. मला रडू आवरत नव्हतं आणि लाजही वाटत होती, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

"मी तुम्हाला आयुष्यातून उठवलं," मी म्हटलं.

त्यांनी गूळ तोंडात टाकला. त्यासाठी उपरणं खाली केलं, माझ्यासमोर, अगदी सहज. बिनमिशीचा तो चेहरा एकदम लहान दिसत होता. कुणाचातरी धाकटा भाऊ.

"दादांना पहिल्यापासून कॅमेरा चालायचा नाही," ते म्हणाले. "फोटो काढायचा म्हटलं की मला पुढं करायचे आणि पळून जायचे."